वॅक्स लावूनही गाडीवर पांढरे ठिपके परत-परत का येतात?

तक्रार सगळीकडे एकच, मग गाडीवाला चोपड्याचा असो, धुळ्याचा असो की शहाद्याचा. गाडी धुतली, चांगलं महागातलं वॅक्स लावलं, दोन-तीन दिवस रंग असा खुलला की शेजारी थांबून विचारायला लागले. आणि पुढच्याच धुण्यानंतर बॉनेटवर, छतावर, डिकीवर पांढरे गोल ठिपके. ओलं फडकं फिरवलं की दिसेनासे होतात, वाळलं की परत हजर. मग माणूस दुकानात जाऊन दुसऱ्या कंपनीचा डबा आणतो. तोही तसाच निघतो. काळ्या, गडद निळ्या आणि मरून गाड्यांचे मालक तर यात पार वैतागलेले असतात.

माझं सरळ म्हणणं आहे की या दुखण्यात डब्याचा दोष फार थोडा असतो. आपलं पाणी, आपलं ऊन आणि धुण्याची पद्धत हे आधी जागेवर आणलं नाही तर कुठलंही वॅक्स खानदेशात टिकत नाही. ते आणलं तर मध्यम किमतीचं साधं सीलंटही (वॅक्ससारखाच संरक्षण देणारा, पण कृत्रिम लेप) तीन-चार महिने छान काम देतं. म्हणून कोणतं वॅक्स घ्यायचं हा मुद्दा मी जरा उशिरा घेतो. आधी ठिपका.

ठिपका म्हणजे काय

ठिबक आपल्याकडे गावोगाव आहे, त्यामुळे हे समजायला फार कष्ट नाहीत. ड्रिपरच्या तोंडाशी जो पांढरा थर बसतो आणि जो काढायला आपण लॅटरलना, म्हणजे ठिबकच्या नळ्यांना, ॲसिड ट्रीटमेंट देतो, तोच थर गाडीवर बसतो. जमिनीतून मुरत आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी उडून जातं, कार्बोनेट मागे राहतं. काही बोअरच्या पाण्यात सिलिकाही असते आणि ती जास्त हट्टी असते.

पाण्यात किती क्षार विरघळलेत (टीडीएस) ते दाखवणारं टीडीएस मीटर घरात नसेल तर आणा, छोटं पेनासारखं यंत्र असतं, आरओवाल्याकडेही असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. एकूण कठीणपणासाठी, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांसाठी, हेच आकडे २०० आणि ६०० आहेत. म्हणजे पिण्याला चालणारं पाणी गाडीच्या रंगाला चालेलच असं नाही. मीटरवर १००० दिसलं तर एक लिटर पाणी वाळल्यावर साधारण एक ग्रॅम क्षार मागे उरतात. गाडीवर धुण्यानंतर किती पाणी उभं राहतं ते डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल.

जळगाव शहरात वाघूर धरणाचं नळाचं पाणी येतं, आणि धरणाचं पाणी बोअरपेक्षा सहसा हलकं असतं. पण बऱ्याच सोसायट्यांत टाकीत नळाचं आणि बोअरचं पाणी एकत्र होतं. त्यामुळे मीटर नळाखाली न लावता ज्या पाइपाने गाडी धुता त्याच्या तोंडाशी लावा.

वॅक्सनंतर ठिपके वाढले असं वाटतं, ते खरंच असतं

हा भाग कुणी सांगत नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. वॅक्स लावलेल्या रंगावर पाणी पसरत नाही, गोळा होऊन थेंब उभा राहतो. दुकानदार हेच दाखवून डबा विकतो. पण जड पाण्याचा उभा थेंब वाळू लागला की त्यातले सगळे क्षार आकसत त्या एवढ्याशा वर्तुळात जमा होतात. नीट वाकून पाहिलं तर काठाला जाड पांढरी कड दिसते आणि मध्ये फिकट. वॅक्स नसलेल्या गाडीवर तेच पाणी पातळ पसरून वाळतं. क्षार तेवढेच, पण ते सगळीकडे विखुरतात आणि डोळ्याला ती धुळीची झाक वाटते. वॅक्स लावल्यावर मात्र प्रत्येक थेंब आपली वेगळी खूण सोडून जातो.

आता यात ऊन मिळवा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या घरात जातो, तो सावलीतल्या हवेचा. उन्हात उभ्या गडद गाडीचं छत ७० अंशांच्या पुढे सहज तापतं. अशा पत्र्यावर थेंब पुसायला माणूस पोचायच्या आत तो वाळलेला असतो. आणि क्षार असे तापत्या पत्र्यावर पुन्हा पुन्हा वाळत राहिले की नुसते वर बसत नाहीत, वरच्या पारदर्शक थराला हळूहळू खातात. मग जे उरतं तो डाग नसतो, खड्डा असतो.

तो वरचा थर किती जाड असतो हेही माहीत असू द्या. कारखान्यातून आलेल्या गाडीवर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट असे चार थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवणारे घटक याच थरात असतात. म्हणून ठिपका दिसला की घासणाऱ्या कंपाउंडने रबिंग मारून घ्यायची सवय मला धोक्याची वाटते. दर वेळी थोडा क्लिअर कोट कायमचा जातो.

कोणता ठिपका आहे ते आधी ओळखा

पॅनेल शॅम्पूने धुऊन कोरडं करा आणि सावलीत घ्या. पांढरं सिंथेटिक व्हिनेगर, चायनीजच्या गाड्यांवर असतं ते, तेवढ्याच आरओच्या पाण्यात मिसळा. मऊ फडकं त्यात भिजवून ठिपक्यांवर अर्धा-एक मिनिट ठेवा, हलकेच पुसा, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा. ठिपका गेला तर तो वरवरचा क्षार होता. फिकट झाला पण वर्तुळ उरलं तर एकदा आणखी करून पाहा. तरीही उरलं तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. वर्तुळाच्या आत प्रकाश तुटत असेल तर खड्डा पडलाय, आणि तो व्हिनेगरने जाणार नाही. तुटत नसेल आणि तरी पांढरट राहत असेल तर बहुधा सिलिका आहे. ती सौम्य आम्लाला दाद देत नाही, तिला हलक्या पॉलिशनेच काढावं लागतं.

ठिबकसाठी आणलेलं ॲसिड घरात असतं म्हणून तेच पाण्यात घालून गाडीवर वापरणारे लोक आहेत. कृपया करू नका. टॉयलेट क्लीनरचंही तेच. क्षार जातील, पण क्रोमच्या पट्ट्या, ॲल्युमिनियमचे भाग आणि काचेच्या रबरांचं जे होईल ते परत येणार नाही.

ठिपके गाडीवर कुठे आहेत याकडेही बघत चला. आमच्या ओळखीच्या एका घरी पांढऱ्या खुणा फक्त मागच्या डाव्या दारावर आणि त्यावरच्या छताच्या कडेला यायच्या. बाकी गाडी स्वच्छ. धुणाऱ्या मुलाला बोलणी बसत होती. गाडी जिथे उभी राहायची तिथे वर पाहिलं तर पहिल्या मजल्याच्या खिडकीत डेझर्ट कूलर होता, आणि वाऱ्याबरोबर त्याचे तुषार खाली येत होते. कूलरच्या टाकीतलं पाणी सारखं उडत असतं आणि क्षार टाकीतच साठत जातात, त्यामुळे ते मूळ बोअरच्या पाण्यापेक्षाही जड होतं. गाडी दोन हात पुढे लावली, विषय संपला. अंगणातलं स्प्रिंकलर, गच्चीच्या टाकीचा ओव्हरफ्लो, शेजारच्यांचं झाडांना पाणी घालणं, हे सगळं एकदा तपासा. ठिपके एकाच बाजूला असतील तर धुण्याच्या पद्धतीचा संबंध नसण्याचीच शक्यता जास्त.

पांढऱ्या गाडीवर ठिपके तांबूस-करडे असतील, टाचणीच्या टोकाएवढे, आणि बोटाला खरखरीत लागत असतील तर ते क्षार नव्हेत. ते लोखंडाचे कण. ब्रेकमधून, रेल्वेच्या रुळांवरून, वेल्डिंगच्या दुकानातून उडालेले गरम कण रंगात रुतून गंजतात. भुसावळला यार्डाच्या आसपास गाडी रोज उभी करणाऱ्यांना हे दिसतं. यावर आयर्न रिमूव्हर मिळतं. फवारलं की कण विरघळताना जांभळे ओघळ येतात. वास उग्र असतो, मोकळ्या हवेत करा आणि वाळू देऊ नका.

धुणं

माझ्या मते ऐंशी टक्के काम इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट वेळ. होळीपासून पाऊस पडेपर्यंत गाडी पहाटे धुवा, उजाडता उजाडता. संध्याकाळी धुवायची तर दिवस मावळून तासभर गेल्यावर, कारण आपल्याकडे पत्रा आणि गच्चीवरची टाकी दोन्ही उशिरापर्यंत तापलेले असतात. हाताची मागची बाजू बॉनेटवर टेकवा. कोमट लागली तरी थांबा. नुकतीच चालवून आणलेली गाडी पहाटेही चालणार नाही, इंजिनाच्या उष्णतेने बॉनेट बराच वेळ गरम राहतं.

दुसरी गोष्ट, आधी धूळ पाण्याने खाली सोडा. काळ्या कपाशीच्या जमिनीचा फुफाटा, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या बाजूची राख, महामार्गाच्या कामांची खडी, हे सगळं रंगापेक्षा कठीण आहे. सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच आहे, आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल ओरखडे दिसतात ते तिथूनच येतात. रोज पुसणारा माणूस ठेवला असेल तर त्याला काच पुसायला सांगा आणि रंगाला हात लावू देऊ नका. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण धुळीची गाडी न पुसता ठेवलेली बरी.

मग दोन बादल्या, एकीत शॅम्पू, एकीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा मिट (हातात घालायचा धुण्याचा मोजा) साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत बुडवायचा. छतापासून खाली, सरळ हात, गोल गोल नाही. खालच्या पट्ट्या आणि चाकं सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. शॅम्पू गाडीचाच घ्या. भांड्याचं लिक्विड आणि कपड्याची पावडर वॅक्सची चरबी भांड्याच्या तेलासारखीच काढून टाकतात. दर रविवारी भांड्याच्या साबणाने धुऊन वॅक्स टिकत नाही म्हणणाऱ्याला वेगळा इलाज सांगायची गरजच नाही. वॉशिंग सेंटरवर धुता तेव्हाही विचारून घ्या. खालून डिझेल-रॉकेलचा फवारा मारण्याची जुनी रीत अजून काही ठिकाणी आहे, आणि तेच तेलकट फडकं रंगावर फिरवून चमक आणली जाते. ती चमक दुसऱ्या दिवशी धूळ ओढते आणि वॅक्सलाही सोबत घेऊन जाते.

तिसरी गोष्ट शेवटचं पाणी. इथे दोन युक्त्या आहेत. पाइपाचं नोझल काढून टाका आणि पाणी जोर न लावता छतावरून मोकळं वाहू द्या. वॅक्स असलेल्या गाडीवर ते चादरीसारखं एकसंध खाली घसरतं आणि बहुतेक थेंब बरोबर नेतं. फवारा मारला तर उलट थेंबच थेंब मागे राहतात. दुसरी युक्ती म्हणजे शेवटचे पाच-सात लिटर पाणी आरओचं वापरायचं. जारचं पाणी चालतं, फक्त मीटर लावून बघा, १०० च्या आत हवं आणि ५० च्या आत असेल तर उत्तमच. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी बादलीत साठवत असाल तर तेही हवेतलंच सांद्रीभूत पाणी, क्षार जवळजवळ नसतात, गाळून वापरा. आरओच्या वाया जाणाऱ्या नळीचं पाणी मात्र चुकूनही नको. क्षार सगळे त्यातच गेलेले असतात, आणि पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने पुष्कळ घरी त्यानेच गाडी धुतली जाते. ते फरशीला आणि चाकांना वापरा.

हाताने दाब द्यायचा छोटा फवारणी पंप शेवटच्या पाण्याला सोयीचा पडतो. तो नवा घ्या. ज्यातून तणनाशक गेलंय तो धुऊन घेतला तरी नको.

चौथी गोष्ट कोरडं करणं. सगळी गाडी धुऊन मग पुसायला घेणं आपल्या उन्हाळ्यात चालत नाही. छत आणि बॉनेट धुतलं की लगेच कोरडं, मग बाजू. मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पॅनेलवर पसरायचा आणि दोन टोकं धरून आपल्याकडे ओढायचा. घासायचं नाही. आरसे, दाराच्या मुठी, नंबरप्लेटची कड, इंधनाचं झाकण, इथे लपलेलं पाणी दहा मिनिटांनी ओघळतं आणि खाली एक पांढरी रेघ सोडतं. दारं एकदा जोरात लावून उघडा, पाणी बाहेर येईल, मग पुसा.

एप्रिल-मे मध्ये टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावांत गाडीवर पाइप धरणं मनाला पटत नाही, पटूही नये. तेव्हा रिन्सलेस वॉश वापरा. जारच्या आठ-दहा लिटर पाण्यात बाटलीवर लिहिल्याप्रमाणे थोडं द्रावण, चार-पाच मायक्रोफायबर फडकी, एक पॅनेल ओलं पुसायचं आणि लगेच कोरडं. नंतर धुवावं लागत नाही. जड पाणी रंगाला लागतच नाही, त्यामुळे ठिपक्यांच्या दृष्टीने ही पद्धत पाइपापेक्षाही चांगली आहे. फक्त चिखलाने माखलेल्या गाडीवर ती नको, ओरखडे पडतील.

आता वॅक्स कोणतं

दुकानात चार वेगळ्या गोष्टी एकाच फळीवर असतात आणि सगळ्यांना लोक पॉलिशच म्हणतात. रबिंग कंपाउंड आणि पॉलिश यांत घासणारे कण असतात. ते ओरखडे कमी करतात, संरक्षण देत नाहीत. वॅक्स आणि सीलंट संरक्षण देतात, ओरखडे काढत नाहीत. क्लीनर वॅक्समध्ये दोन्ही थोडं थोडं असतं. ते दर महिन्याला लावलं तर दर महिन्याला थोडा रंगही घासला जातो, म्हणून नव्या गाडीला मी ते सुचवत नाही.

कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं मेण. शुद्ध कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना वितळतं, नैसर्गिक मेणांत फार वरचा आकडा आहे. पण डब्यात ते शुद्ध नसतं. हाताने लावता यावं म्हणून त्यात मऊ मेणं, तेलं आणि सॉल्व्हंट असतात. आपल्या छतावरचं तापमान ७०-७५ ला गेलं की हे मिश्रण मऊ पडतं, धूळ धरतं आणि झिजतं. थंड प्रदेशात दीड-दोन महिने टिकणारं कार्नोबा खानदेशच्या उन्हाळ्यात तीन-चार आठवडेच धरावं. रंगाला खोली मात्र ते फार सुंदर देतं, विशेषतः लाल आणि काळ्या रंगाला. लग्नसराईला गाडी सजवायची असेल, हिवाळ्यात हौस म्हणून लावायचं असेल तर जरूर लावा.

रोजच्या गाडीला माझा कौल सिंथेटिक सीलंटला. ते पॉलिमरचं असतं, उष्णतेला आणि शॅम्पूला जास्त तग धरतं, गुळगुळीत राहतं आणि पाणी पटकन सोडतं. होळीच्या सुमाराला एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा असे दोन हात व्यवस्थित लावले, मधल्या महिन्यांत धुण्यानंतर स्प्रे वॅक्सचा हलका हात दिला, तर वर्ष निघतं. गाडी उघड्यावरच उभी राहत असेल तर पावसाआधी आणखी एक हात द्या.

शोरूममध्ये जे टेफ्लॉन कोटिंग म्हणून देतात तेही व्यवहारात सीलंटच्याच जातीचं आहे. तव्यावर टेफ्लॉन बसवायला भट्टीची उष्णता लागते, गाडीच्या रंगावर तसं काही करता येत नाही. त्यामुळे ते वर्षानुवर्षं टिकेल या हिशोबाने पैसे देऊ नका. सिरॅमिक कोटिंग ही वेगळी गोष्ट. सिलिकाचा तो थर खरोखर कठीण होतो आणि नीट केलेलं असेल तर काही वर्षं राहतो. पण क्षारांचे ठिपके त्यावरही पडतात, उलट थेंब जास्त टपोरे उभे राहतात म्हणून ठळक पडतात. बोअरच्या पाण्याने दुपारी गाडी धुणाऱ्याने सिरॅमिक करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. धुण्याची शिस्त बसली असेल, गाडी नवी असेल आणि बरीच वर्षं ठेवायची असेल तर विचार करा.

लावताना

गाडी धुऊन कोरडी झाली की हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून पॅनेलवर फिरवा. नुसत्या हाताला न कळणारी खरखर पिशवीतून स्पष्ट लागते. खरखर असेल तर क्ले बार (रंगाला चिकटलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी) भरपूर शॅम्पूच्या पाण्यावर सरकवा, मगच सीलंट. खरखरीवर लावलेलं वॅक्स धरत नाही.

थर जितका पातळ तितका चांगला. बॉनेटच्या अर्ध्या भागाला वाटाण्याएवढे दोन-तीन थेंब पुरतात. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, पुसताना घाम मात्र निघतो. किती वेळाने पुसायचं ते डब्यावर असतं, पण आपल्या हवेत ते लवकर वाळतं, म्हणून बोट ओढून बघा. बोटाखाली रंग स्वच्छ निघाला की पुसायला घ्या. कुठे कडक होऊन बसलं तर खरवडू नका, त्यावरच ताजं थोडं लावा, जुनं मऊ पडतं, लगेच पुसा. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना लागू देऊ नका, पांढरे डाग महिनोन्महिने जात नाहीत. लावल्यानंतर ती रात्र गाडीला पाणी आणि दव लागू नये.

पाणी थेंब धरत नाही म्हणजे वॅक्स गेलंच असं लगेच ठरवू नका. पुष्कळदा ते धुळीच्या आणि क्षाराच्या पातळ थराखाली झाकलेलं असतं. चांगल्या शॅम्पूने धुऊन, हवं तर व्हिनेगरच्या पाण्याचा एक हात देऊन परत पाणी टाका. थेंब परत उभे राहिले तर डबा उघडायची गरज नाही.

आणखी दोन-चार तक्रारी

डिटेलिंगवाल्याकडून आणली तेव्हा आरसा होता, दोन धुण्यांत ओरखड्यांचं जाळं परत, ही तक्रारही नेहमीची. ओरखडे काढलेले नसतात, तेलकट फिलरने भरलेले असतात. पुढच्या वेळी काम झाल्यावर एक पॅनेल आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ द्रावणाने, पुसून दाखवायला सांगा आणि मग उन्हात बघा. प्रामाणिक कारागीर नाही म्हणणार नाही.

रावेर-यावल पट्ट्यात केळीचा चीक ही वेगळीच डोकेदुखी. ओला असताना तो पाण्यासारखा असतो, हवा लागली की तपकिरी-काळा होतो आणि मग बसतो. घडाजवळून गाडी काढली की घरी येऊन नाही, तिथेच ओल्या फडक्याने पुसा. आंब्याला मोहर असताना झाडाखाली लावलेल्या गाडीवर तुडतुड्यांचा चिकटा पडतो, त्यावर धूळ आणि मग काळी बुरशी. कोमट शॅम्पूच्या पाण्यात फडकं भिजवून पाच मिनिटं ठेवा, सैल होतो. पक्ष्यांची विष्ठा सगळ्यात वाईट. ती आम्लधर्मी असते, आणि तापलेला क्लिअर कोट तिच्याखाली फुगतो-आकसतो, त्यामुळे मे महिन्यात काही तासांतच कायमची खूण राहते. डिकीत आरओच्या पाण्याची फवारणीची बाटली आणि दोन मऊ फडकी ठेवा. भिजवा, थांबा, उचलून घ्या, घासू नका.

दसऱ्याला बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक काढतो तो काढायचाच, पण ओलं कुंकू उन्हात आठवडाभर राहिलं की पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर गुलाबी सावली सोडतं. पूजा काचेवर करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी सोडून उतरवा. हळदीची फार चिंता नको, तिचा पिवळा रंग उन्हाने आपोआप फिका पडतो.

कव्हर घालायचं तर धुतलेल्या गाडीवरच घाला. धुळीच्या गाडीवर कव्हर टाकलं आणि वावधान सुटलं की ते रात्रभर रंगावर घासत राहतं. नुसत्या सावलीसाठी नर्सरीला लावतात ती हिरवी शेडनेट चार खांबांवर ताणलेली जास्त बरी.

आणि शेवटी एक गोष्ट वेळेवर ओळखा. छतावर किंवा बॉनेटवर दुधट चट्टे आले असतील, त्यांच्या कडेला पापुद्रे सुटत असतील, नखाने उचकटत असतील, तर क्लिअर कोटच मेलेला आहे. त्याला व्हिनेगर, पॉलिश, वॅक्स, सिरॅमिक कशाचाही उपयोग नाही. तिथे डब्यांवर खर्च थांबवा आणि ते पॅनेल चांगल्या बूथमध्ये रंगवून घ्या. रंगवल्यावर लगेच वॅक्स लावू नका, आतले सॉल्व्हंट उडून जायला वेळ लागतो. किती थांबायचं ते पेंटरला विचारा. महिनाभर तर थांबाच, आणि तोवर गाडी फक्त आरओच्या पाण्याने, सावलीत धुवा.